ताजची आग आणि शिडीवरची माणसे

२६ नोव्हेंबर २००८ म्हटले की कोपर-डोंबिवलीकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम सीएसएमटी उभे राहते. साहजिकच आहे, ते आपल्या लोकलचे अखेरचे स्थानक. पण त्याच रात्री तेथून थोड्याच अंतरावर एक मोठी आगही भडकली होती, आणि ती आपल्या स्मरणातून हळूहळू निसटत चालली आहे.

१९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलच्या जुन्या इमारतीत अतिरेक्यांनी आगी लावल्या. सहावा मजला धडाडून पेटला. हॉटेलचे महाव्यवस्थापक करमबीर कांग यांच्या पत्नीचा व दोन मुलांचा त्याच मजल्यावर अंत झाला. तरीही ते पाहुण्यांना वाचवण्याच्या कामातून हटले नाहीत. गोळीपासून भिंतीआड लपता येते, धुरापासून नाही. दार उघडावे तर बाहेर बंदूक, बंद ठेवावे तर गुदमरणे. उरली ती खिडकी.

त्या खिडक्यांशी मुंबई अग्निशमन दलाच्या शिड्या लागल्या. पहिल्याच रात्री सुमारे २०० माणसे शिड्यांवरून खाली आणली गेली. आत गोळीबार चालू होता. पोलिसाच्या हाती निदान शस्त्र असते. शिडीवरचा जवान निःशस्त्र, आणि आगीच्या उजेडात सर्वांना दिसणारा.

करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे, उन्नीकृष्णन यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, ते सर्वथा योग्यच. पण शिडीवरच्या एका तरी जवानाचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? माझ्या मते, अग्निशामकाचे मोल आपण त्याच्या मरणावरूनच ठरवतो. १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिनही १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात बळी पडलेल्या ६६ जणांच्या स्मृतीचा. सुनील नेसरीकर हे नाव घरोघरी पोहोचले तेही २०१५ साली काळबादेवीच्या आगीने त्यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा घास घेतल्यावर. जो दोनशेंना उतरवतो आणि सकाळी जिवंत घरी जातो, त्याच्यासाठी आपल्याकडे ना पुतळा, ना तारीख.

आता एक योगायोग पाहा. ताजमधील कारवाई संपल्यावर आठवडाभरात, ६ डिसेंबर २००८ रोजी, ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ अंमलात आला. त्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. कायदा असूनही २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जण गेले.

म्हणून हार-फुलांपेक्षा मला एक रूक्ष काम अधिक आदराचे वाटते. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारा, शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे? जिन्यातली अडगळ कधी हलणार? आणि गल्लीच्या तोंडाशी रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांमधून शिडीचे वाहन आत कसे शिरणार?