पडद्यावरील मृत्यु, घरांतील अश्रु

काल्पनिक पात्राच्या मृत्यूनें खरींखुरीं घरें सुन्न व्हावींत, हें विलक्षण नव्हे काय? अमेरिकेंत १८ मार्च १९७५ रोजीं ‘मॅश’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या एका भागानें असेंच घडविलें. कोरियन युद्धांतील लष्करी रुग्णालयाची ही कथा, बरीचशी विनोदी. कर्नल हेन्री ब्लेक सेवामुक्त होऊन मुलाबाळांकडे निघतो. सहकारी हंसतमुखानें निरोप देतात. शेवटीं शस्त्रक्रिया चालू असतां रडार हा कारकून येऊन वार्ता सांगतो : ब्लेकचें विमान जपानच्या समुद्रावर पाडलें गेलें, कोणीहि वांचलें नाहीं. शस्त्रवैद्यांचे हात मात्र थांबत नाहींत.

प्रेक्षकांचीं संतप्त पत्रें ढिगानें आलीं. करमणुकीच्या वेळीं हा आघात कशाला, असा पुष्कळांचा सूर होता. निर्मात्यांचें म्हणणें एवढेंच कीं, युद्धांतून सर्वच जण घरीं परतत नाहींत.

आम्हांस दोन्ही पक्ष कळतात. मुलें शेजारीं बसलीं असतां असा प्रसंग नकोसा वाटणें स्वाभाविकच. परंतु ज्या घरीं अशी वार्ता खरोखर येते, तेथें पूर्वसूचना कोण देतो? वाचकहो, मुलांनीं अशा वेळीं प्रश्न विचारला, तर पडदा बंद करूं नका, उत्तर द्या.