जुन्या एसएसडीत रिपोर्टांची सोय

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार अनेक दिवस पाण्यात होते. त्यानंतर ओपीडीत चिकटलेले रिपोर्ट आणि न उघडणाऱ्या सीडी घेऊन रुग्ण येत राहिले. फुफ्फुसातली गाठ वाढली की नाही, हे जुन्या सीटी स्कॅनशी ताडूनच कळते. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो त्या कामाचा नाही. सीडीतली मूळ डायकॉम फाइलच लागते.

एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवली, तशा एसएसडीही महागल्या. बंद पडलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी मात्र बऱ्याचदा शाबूत असते. तिला बाहेरचे केस, म्हणजे एन्क्लोजर, घातले की झाले.

केस घेण्याआधी ड्राइव्ह पाहा. अडीच इंची चपटी डबी असेल तर ती बहुधा साटा. तिला साधे यूएसबी ३.० केस पुरते. पट्टीसारखी एम.टू असेल तर लेबल वाचा. साटा आणि एनव्हीएमई दिसायला बहिणी-बहिणी, पण एकीचे केस दुसरीला चालेलच असे नाही. (मी स्वतः चुकीचे आणून परत केले आहे.) एनव्हीएमई तापते, म्हणून थर्मल पॅडसह अॅल्युमिनियमचे घ्या. २० जीबीपीएसला भुलू नका. लॅपटॉपचे पोर्ट १० चे असेल तर जास्तीचे पैसे वाया.

एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार ओसरतो. दोन-तीन महिन्यांनी जोडून फायली उघडून पाहा, पासवर्ड लावा आणि दुसरी प्रत वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे ठेवा.