दोराला हात लावल्याशिवाय वाटा नाही

‘ऑनलाइन शिक्षण फसलं’ हे वाक्य आता शिक्षकांच्या कुठल्याही बैठकीत सिद्ध झालेल्या गोष्टीसारखं उच्चारलं जातं. दोनेक वर्षं मीही ते उच्चारत होतो. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवतो. करोनाकाळात जे झालं ते मी पाहिलंय, केलंय. आणि आज मला हे वाक्य सरळ सरळ खोटं वाटतं. फसलं ते आमचं एकतर्फी बोलणं. मुलांनी मिळून काम करावं म्हणून जी साधनं हाताशी होती, ती आमच्यापैकी बहुतेकांनी उघडूनही पाहिली नाहीत. जी गोष्ट केलीच नाही ती फसली कशी?

२०२०चा जून आठवा. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा होती. आमच्याकडे रेंज गावात नसते, सड्यावर असते. त्यामुळे मुलं छत्र्या घेऊन सड्यावर जात. जिल्ह्यातल्या एका मुलीने डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला, तिचं कौतुक देशभर झालं. कौतुक करताना एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही : तिला डोंगर चढायला लावणारी अशी कोणती गोष्ट होती, जी घरी बसून, तुटक्या रेंजवर होऊच शकत नव्हती?

ती गोष्ट म्हणजे आमचं व्हिडिओवरचं व्याख्यान. मी चाळीस-चाळीस स्लाइड्स करायचो. मुद्दे एकाखाली एक, प्रत्येकाच्या आधी ठिपका. पलीकडे काळे चौकोन आणि मधूनच एखादा आवाज : “सर, तुमचो आवाज येता, पन फळो दिसना नाय.” मी म्हणायचो, नंतर पीडीएफ पाठवतो. तास संपला की स्क्रीनशॉट काढायचा आणि वर पाठवायचा. काळ्या चौकोनांचा तो फोटो म्हणजे उपस्थिती. कुणाच्या घरात दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यात दोन भावंडं आणि फोन एकच. पहिल्या दोन तासांत त्याचा फडशा पडायचा.

त्या काळात आम्हाला एक प्रशिक्षण मिळालं. त्यात अक्षरं उजवीकडून सरकत कशी आणायची, चित्र फिरवत कसं आणायचं, हे तपशिलात शिकवलं. मुलांना एकाच पानावर एकाच वेळी लिहिता येतं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. आम्हीही विचारलं नाही, कारण आम्हाला हवं होतं तेच मिळालं होतं : वर्गातला फळा जसाच्या तसा, खडू मास्तरांच्याच हातात. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं ते कार्यालयांतल्या सादरीकरणांसाठी. एडवर्ड टफ्टी यांनी २००३मध्येच या ठिपक्यांच्या मांडणीवर आख्खी पुस्तिका लिहून सांगितलं होतं की, तिच्यामुळे विचारांचे तुकडे पडतात. आम्ही तीच मांडणी दहावीच्या मुलांवर लादली आणि तिला ‘डिजिटल’ म्हटलं.

माझा मार्ग बदलला तो नाइलाजाने. जुलै होता, मासेमारी बंदीचे दिवस. होड्या किनाऱ्यावर, बापयमाणसं घरी. व्हिडिओचा तास तीन दिवस लागलाच नाही, तेव्हा मी गूगल डॉक्समध्ये एक साधा तक्ता केला आणि त्याची लिंक गटावर टाकली. रकाने चारच : मासळीचं आपल्याकडचं नाव, कोणत्या महिन्यात गावते, कोणत्या जाळ्यात, आणि घरातली मोठी माणसं तिच्याविषयी काय सांगतात. प्रत्येकाने घरात विचारून भरायचं. घाई नाही, जेव्हा फोन हाती येईल तेव्हा.

आठवड्याभरात तो तक्ता माझ्या आवाक्याबाहेर गेला. पेडवे, तारली, सौंदाळे, मुडदुशे, गुंजुले, कर्ली. वर्गात दोन वर्षांत तोंड न उघडलेल्या एका मुलाने रात्री अकरानंतर नऊ ओळी भरल्या. फोन बापाचा होता, तो तेव्हाच मोकळा व्हायचा. दोन मुलांचं जाळ्यावरून भांडण जुंपलं, तेही बाजूच्या टिप्पण्यांत, सभ्य भाषेत. शेवटी एकाने साक्ष काढली : “माजो आजो सांगता, पयल्यान रापणीत इसवण सुदा गावायची.” त्या एका वाक्यावर मी पुढचे चार तास सागरी परिसंस्था शिकवली. पुस्तकातली व्याख्या सगळ्यात शेवटी आली आणि तेव्हा ती मुलांना कळली.

ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी समुद्रात वळसा घालून जाळं सोडते, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन बाजूंनी दोर ओढतात. दोराला हात लावणाऱ्याला वाटा असतो. नुसतं बघणाऱ्याला नाही. शिक्षणाचंही तेच आहे. आम्ही मुलांना वर्षभर किनाऱ्यावर उभं करून जाळं दाखवलं आणि मग विचारलं, मासे का नाही मिळाले?

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला : सगळ्यांकडे फोन कुठे होते? खरंच नव्हते. ‘असर’च्या २०२०च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या सुमारे ६२ टक्के घरांत स्मार्टफोन होता, म्हणजे दहातल्या जवळपास चार घरांत नव्हता. पण हा आक्षेप माझ्या बाजूचा आहे. सकाळी दहाचा व्हिडिओ शेजाऱ्याच्या फोनवर रात्री बघता येत नाही. तक्त्यातल्या दोन ओळी मात्र भरता येतात, अगदी कागदावर लिहून मैत्रिणीच्या हातीही देता येतात. दुसरा आक्षेप : मुलं एकमेकांचं उतरवतात. अहो, वहीत उतरवलेलं कळत नाही. इथे कोणत्या खात्यावरून कोणती ओळ कधी आली आणि नंतर काय खोडलं, सगळा इतिहास दिसतो. तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, तोच खरा आहे : असं काम सुरू झालं की मास्तरांना सगळं माहीत नाही, हे उघडं पडतं.

मात्र या साधनांची आरती मी ओवाळणार नाही. ती भाड्याची घरं आहेत. जॅमबोर्ड या सामाईक फळ्यावर जगभरातल्या वर्गांनी काम केलं. गूगलने २०२३मध्ये तो बंद करत असल्याचं सांगितलं आणि २०२४ संपताना तो संपला. माझ्या मुलांनी काढलेले किनाऱ्याचे नकाशे त्यावर होते. सूचना आली होती, मुदत होती. प्रत मी काढली नाही, चूक माझीच. पण ज्याची किल्ली दुसऱ्याकडे, त्याच्या भरवशावर शाळेचं दप्तर ठेवायचं नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. मराठी विकिपीडिया मे २००३पासून चालू आहे, तिथेही अनेकजण मिळून एकच पान लिहितात, आणि ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. आमच्या किती शाळांनी तिथे आपल्या गावाचं पान मुलांकडून लिहून घेतलंय?

आता वर्गावर्गांत मोठे स्पर्श-पडदे लागतायत. उद्घाटनाला नारळ फुटतो, फीत कापली जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर तयार व्हिडिओ लावून मास्तर बाजूला उभे राहतात. म्हणजे सड्यावरचा तो काळा चौकोन आता भिंतीएवढा झाला. उद्या कमी पटाच्या वाडीतल्या शाळेला शिक्षकाऐवजी असा एक पडदाच पुरे, असं कुणी म्हटलं, तर विरोध करायला आमच्याकडे तोंड उरणार नाही. कारण पडद्याने करावं तेवढंच काम आम्ही स्वतः करत आलोय : दाखवण्याचं.

म्हणून पुढच्या प्रशिक्षणात अक्षरं सरकवायला शिकवू नका. एक कोरं पान उघडा, त्यावर मुलांना लिहू द्या आणि काय येतंय ते वाचत बसा. माझा तो मासळीचा तक्ता अजून आहे. यावेळी प्रत काढून ठेवलीय. त्यात एकशेबारा ओळी आहेत. त्यातल्या चारच माझ्या आहेत.