दोन नंबरचा रिमोट

व्हिडिओ गेमने घराघरात भांडणं लावली, असं आई-बाबांची पिढी म्हणते. मला तर तीच त्याची मजा वाटते! निन्टेंडोचा फॅमिकॉन जपानात निघाला १९८३ ला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आल्या त्या बहुतेक त्याच्या स्वस्त नकला, कॅसेटवाल्या. टीव्ही मात्र घरात एकच. मग सिरियल की मारिओ, हा निकाल सगळ्यांसमोरच लागायचा. मारिओत एक मेल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर नाही, आणि दोन नंबरचा रिमोट बहुधा बहिणीच्याच हातात (यावर कुणी बोलत नाही). पण ती शेजारी तरी बसलेली असायची. इथे होस्टेलला एका रूममध्ये चौघे, चार मोबाईल, आणि पार्टनर हैदराबादचा. बाजूच्या कॉटवरच्याला ताप आलाय, हे मेसमध्ये कळतं.