पाण्यावरची सुट्टी कोणाची?

सुट्टीचे काय करावे, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गाला अजून नीट सुटलेला नाही. कारकुनाची हक्काची रजा लग्नकार्यात, घराच्या दुरुस्तीत किंवा आजारपणात संपते. शिक्षकाची उन्हाळी सुट्टी उत्तरपत्रिका, प्रशिक्षणे आणि निवडणुकीची कामे यांनी कुरतडलेली असते. उरलेल्या दिवसांत झालाच तर एखादा देवदर्शनाचा प्रवास होतो आणि तोही असा धावपळीचा की, परत आल्यावर विश्रांतीसाठी आणखी दोन दिवसांची रजा टाकावी लागते. अशा माणसाच्या हाती अलीकडे एक नवी जाहिरात पडू लागली आहे. सात दिवस भाड्याची शिडाची नौका, सोबत एक तांडेल, सकाळी चार तास वाऱ्यावर प्रवास, दुपारी एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर, संध्याकाळी पोहणे आणि दुसऱ्या दिवशी पुढचे बेट. ग्रीस, क्रोएशिया, अंदमान अशी स्थळे त्यात असतात. वाचक थोड्या हेव्याने आणि बऱ्याचशा तुच्छतेने ते पान उलटतो. श्रीमंतांचे चोचले, एवढाच त्याचा शेरा असतो.

हा शेरा अर्धाच खरा आहे. नौकेचे भाडे श्रीमंतांनाच परवडणारे आहे, यात वाद नाही. परंतु त्या सुट्टीचा गाभा भाड्यात नाही. यंत्राचा आवाज नाही, घाई नाही, आज कोठवर जायचे हे वाऱ्याने ठरवायचे, आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचलोच नाही तरी कोणाचे काही बिघडत नाही. हा अनुभव मूळचा धनिकांचा नव्हे. तो कोळ्याचा, खलाशाचा, नावाड्याचा आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट जोवर चालू होती, तोवर गिरणीतला कामगार आणि पेढीवरचा कारकून डेकवर वळकटी पसरून बंदरामागून बंदर पाहत आपल्या गावी जात असे. त्या प्रवासाला कोणी चैन म्हटले नाही. शिडाची विद्याही आपल्याला परकी नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

विश्रांतीला चैन समजण्याची आपली सवयही तपासून पाहण्यासारखी आहे. भरपगारी वार्षिक रजेचा आंतरराष्ट्रीय करार १९३६ साली झाला. त्याच वर्षी फ्रान्समधील कामगारांनी दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळवली आणि आयुष्यात प्रथमच हजारो कुटुंबांनी समुद्र पाहिला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांतीचा आणि वेळोवेळी भरपगारी सुट्टीचा हक्क स्वतंत्र कलमाने नोंदलेला आहे. रजा मिळाली, पण ती घालवायला परवडेल अशी जागाच नसली, तर तो हक्क कागदावर राहतो.

आता हा प्रश्न गोंदियात उभा करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. समुद्रापासून इतक्या दूरच्या जिल्ह्याचा नौकेशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या भंडाऱ्यातून तो निघाला, त्या मुलखाची ओळखच तलावांचा जिल्हा अशी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. यांतले बहुसंख्य तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजवटीत जमिनीच्या हक्काच्या बदल्यात कोहळी समाजातील जाणत्यांनी पाण्याचा उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या आणि धानाच्या शेतीला पाणी दिले. नवेगावबांधचा विशाल तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितला जातो. त्याच्याभोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. तलावाच्या पोटात बेट आहे आणि हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेली बदके तेथे उतरतात. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून हा परिसर मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचला.

तेव्हा बेटामागून बेट नसले, तरी तलावामागून तलाव अशी एका आठवड्याची यात्रा या जिल्ह्यात सहज आखता येते. पहिले दोन दिवस नवेगावबांध. तेथून गाढवी नदीवरचा इटियाडोह, त्याच्या अंगाला गोठणगावची तिबेटी वसाहत आणि प्रतापगडाचा डोंगर. मग चुलबंद. त्यानंतर नागझिऱ्याच्या जंगलालगतचे चोरखमारा आणि बोदलकसा. शेवटी परसवाड्याचा तलाव आणि तेथील धानाच्या बांध्यांत जोडीने फिरणारे सारस. महाराष्ट्रात सारस आज मुख्यत्वे या एकाच जिल्ह्यात टिकून आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे गोंदिया स्थानक आणि तेथून बल्लारशाहकडे जाणारी गाडी यांमुळे हा प्रवास सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचाही नाही. प्रत्येक तलावावर सकाळचे दोन तास आणि सायंकाळचे दोन तास डोंग्यात किंवा लहानशा शिडाच्या नावेत बसावे, दुपारी पाळीवरच्या झाडाखाली पुस्तक वाचावे, रात्री गावात मुक्काम करावा. भूमध्य समुद्रावरच्या सुट्टीत याहून मोलाचे असे काय असते?

मात्र जलपर्यटन हा शब्द आपल्याकडे ज्या अर्थाने रूढ होत आहे, तो या कल्पनेच्या नेमका उलट आहे. कोठेही एखादे जलाशय दिसले की योजनेच्या कागदावर मोटरबोट, पाण्यावरची स्कूटर, ध्वनिवर्धक, तरंगते उपाहारगृह आणि हे सारे चालवणारा बाहेरचा ठेकेदार ही मंडळी ठरल्याप्रमाणे हजर होतात. समुद्राला हा गोंगाट कदाचित पचेल. तलावाला पचणार नाही. तलाव उथळ असतो, त्याचे पाणी वाहून जात नाही. इंजिनाच्या लाटांनी पाणवनस्पतींवर तरंगणारी कमळपक्ष्यांची घरटी उलटतात, पंख्यात सापडून मासेमाराचे जाळे फाटते, आणि सांडलेले तेल पाण्यावर पसरून राहते. केरळात काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. भात वाहून नेणारी, बांबूने रेटली जाणारी तेथली केट्टुवळ्ळम नाव पर्यटकांसाठी तरंगते घर झाली. पुढे तिला डिझेलचे इंजिन बसले, तिची संख्या वाढत गेली आणि वेंबनाड सरोवराच्या प्रदूषणाच्या तक्रारींत तिचे नाव येऊ लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात २०२३ साली राष्ट्रीय हरित लवादाला भोपाळच्या मोठ्या तलावातील क्रूझ व मोटरबोटी थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच तलावावर शिडाच्या नौकानयनाचे शिक्षण घेऊन मुले राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शिडाला तलाव वर्ज्य नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्यावरच्या हक्काचा आहे. कोहळ्यांनी तलाव बांधले, पण पिढ्यानपिढ्या त्या पाण्यावर राहिला तो ढीवर समाज. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर गाळ उपसण्याची, पाळ राखण्याची जबाबदारी कोणाची, हे धड ठरलेच नाही. तलाव उथळ होत गेले, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले आणि मासळी घटली. काही तलाव जिल्हा परिषदेकडे, काही पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमांनी आणि जंगलालगतच्या पाण्यावर वनखात्याचा अंमल, अशी ही व्यवस्था आहे. त्यात आणखी एक पर्यटनाचा ठेकेदार आला, तर ढीवराला उरलेल्या कोपऱ्यात जाळे टाकायला सांगितले जाईल, हे भाकीत करण्यास ज्योतिषी लागत नाही. वस्तुतः अर्जुनी मोरगाव तालुक्यात याच समाजातील स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून, तळाशी स्थानिक पाणवनस्पती लावून काही तलाव पुन्हा जिवंत केले आहेत. मासे परतले, त्यांच्या मागोमाग पक्षी परतले. ज्यांनी तलाव जगवला, त्यांना त्यावर येणाऱ्या पाहुण्याच्या पैशातला पहिला वाटा मिळू नये काय?

म्हणून या जिल्ह्यातील तलावांसाठी तीन गोष्टी आताच ठरवाव्यात. पहिली, येथे फक्त वल्ही, बांबू आणि शीड यांवर चालणाऱ्या नावा असाव्यात. इंजिन केवळ बचावकार्याच्या नावेला असावे. दुसरी, नौकाविहाराचा परवाना त्या त्या तलावावरील मच्छीमार सहकारी संस्थेलाच द्यावा आणि पक्ष्यांच्या विणीचे व माशांच्या प्रजननाचे दिवस पाहून तो काही महिने बंद ठेवावा. हे दिवस संस्थेच्या सभासदांना कोणत्याही खात्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. तिसरी, तलावाकाठच्या गावांत शिक्षक व कारकून यांना परवडेल अशी साधी, स्वच्छ निवासाची सोय करावी, आणि ती गावातल्याच घरांतून करावी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला सुरक्षिततेचा आहे आणि तो गंभीर आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात हौसेने नावेत बसलेले तरुण बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी कोणालाही माफ करत नाही. परंतु अशा घटनांतून निघणारा धडा शिस्तीचा आहे. प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, नावेच्या अंगावर ठळक रंगवलेली प्रवासीसंख्या, सूर्यास्तानंतर व वादळी वाऱ्यात संपूर्ण मनाई, दरवर्षी नावांची तपासणी, एवढ्या गोष्टी काटेकोर पाळल्या तर संथ नाव हे बरेच निर्धोक वाहन आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांची स्थानिक पातळीवर नोंद करण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग करून घेण्यास कोणाची आडकाठी असावी, असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा आहे. मोटरबोटीला गर्दी होते, वल्ह्याच्या नावेत कोण बसणार, असे म्हटले जाईल. पहिल्या वर्षी गर्दी कमीच होईल, हे मान्य केले पाहिजे. पण मोटरबोटीचा पाहुणा अर्ध्या तासाची फेरी मारून त्याच संध्याकाळी परततो आणि त्याचा पैसा ठेकेदाराकडे जातो. तलावावर संथपणे आठ दिवस घालवणारा पाहुणा गावात जेवतो, गावात झोपतो, सिंगाडे आणि मासळी गावातूनच विकत घेतो. मच्छीमार संस्थांजवळ भांडवल नाही, हेही खरे. पण चार लाकडी नावा आणि वीस जाकिटे यांना लागणारे भांडवल एका मोटरबोटीपेक्षा अधिक नसावे. जिल्हा नियोजनाच्या पैशातून तेवढे देता येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

जलपर्यटनाच्या योजना आज ना उद्या या जिल्ह्यात येणारच आहेत. त्या आल्यानंतर मोर्चे काढण्यापेक्षा, येथील पाण्यावर कसली सुट्टी हवी आणि ती कोणाच्या हातून हवी, हे ग्रामसभांनी आणि मच्छीमार संस्थांनी आधीच ठराव करून सांगितलेले बरे. शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या संघटनांनीही या ठरावांना पाठिंबा द्यावा, कारण ही सुट्टी अखेर त्यांचीच आहे. कोहळ्यांनी धानासाठी पाणी अडवले, ढीवरांनी ते राखले. त्या पाण्यावर कष्टकऱ्यांना आणि नोकरदारांना वर्षातून आठ दिवस शांतपणे तरंगता आले, तर त्या जुन्या श्रमाचे आणखी एक सार्थक होईल.