आधी रेल्वे, मग खाडी, समुद्र शेवटी

मागच्या वर्षी आमच्या ग्रुपवर एक रील आली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं डॉलिश नावाचं गाव. एका बाजूला लाल मातीचा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून ट्रेन चाललीय आणि लाट उसळून थेट डब्याच्या काचेवर. खाली एकाची कमेंट, "आपल्या कोकण रेल्वेतून पण असंच दिसत असेल ना?" चौघांनी हार्ट टाकले. अर्ध्या तासात ग्रुपचं नाव बदलून 'कोकण फायनल' झालं. मग नेहमीप्रमाणे काहीच झालं नाही.

तर आधी त्या कमेंटचं उत्तर. नाही, असं दिसत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीत तरी कोकण रेल्वेच्या खिडकीतून समुद्र जवळपास दिसतच नाही. दिसतात बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, भातखाचरं, मधूनच एखादी खाडी. डॉलिशची लाइन ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं १८४६ च्या सुमारास पार पाण्याला चिकटून टाकली. त्याची किंमतही ते लोक मोजतात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तिथली भिंत वाहून गेली, रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि दोन महिने गाड्या बंद होत्या. आपली लाइन आतून गेलीय. प्लॅन करताना सगळ्यात आधी हेच समजून घ्यावं लागतं, आणि रील बनवणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

मी सिद्धेश्वरची. औंढा नागनाथ तालुका, पूर्णेवरचं धरण. आमच्या घरी "समुद्र बघायचाय" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "येलदरीचं पाणी सुटलं की आपलं धरण बघ की. त्यात काय कमी हाय?" बाबांचं अगदीच चुकत नाही. गंमत म्हणजे आमच्या धरणातलं पाणी पूर्णेतून गोदावरीत आणि गोदावरीतून पार बंगालच्या उपसागरात जातं. पाणी बिनातिकिटाचं समुद्रापर्यंत पोहोचतं. आम्हाला जायचं होतं उलट्या दिशेला, आणि खिशात होते प्रत्येकी साडेचार हजार.

ट्रॅव्हलवाल्या रील्समधलं एक वाक्य मला फार खटकतं. "प्लॅन नका करू, फक्त निघा." हे वाक्य त्याचं, ज्याचं घर पुण्यात किंवा ठाण्यात आहे. शुक्रवारी रात्री निघालं, सकाळी किनाऱ्यावर. चुकलं काही तर वडिलांच्या जीपेवर रिक्वेस्ट टाकली. त्यांच्यासाठी कोकण 'वीकेंड' आहे. आपल्यासाठी जायची एक रात्र, यायची एक रात्र, आणि त्याआधी घरच्यांना पटवायचे पंधरा दिवस. मुलगी असाल तर महिना धरा. बिनप्लॅनचं निघणं परवडायला पैसा लागतो. तो नसेल त्यानं कागद-पेन घ्यावं. याला कुणी 'अंकलगिरी' म्हणालं तरी चालेल.

हे मी अनुभवानं बोलतेय. सेकंड इयरला आम्ही 'फक्त निघालो' होतो. गाडी ठरवली, दहा जण कोंबले. सातशेच्या आसपास किलोमीटर, रात्रभर गाणी, घाटात तिघांना उलट्या. गणपतीपुळ्याला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. दर्शन, पाण्यात पाय, फोटो, वडापाव आणि परत. दोन दिवस गाडीत बसून समुद्र मिळाला दोन तास. पैसे तेवढेच गेले होते.

यावेळी तिघीच जणी होतो, आणि सुरुवात नकाशापासून केली. कोकणचा नकाशा सगळे वरून खाली वाचतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा. तो आडवा वाचायला पाहिजे. समुद्र उत्तर-दक्षिण, रेल्वे उत्तर-दक्षिण, मुंबई-गोवा हायवे उत्तर-दक्षिण. तिन्ही जवळपास समांतर. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या त्यांना आडव्या छेदतात आणि किनाऱ्याजवळ रुंद होऊन खाड्या बनतात. रेल्वे आतून जाते, म्हणून स्टेशनवर उतरलं म्हणजे समुद्र आला असं होत नाही. चिपळूणहून गुहागर चाळीसेक किलोमीटर. कुडाळहून मालवण पंचवीस-तीस. राजापूर रोड स्टेशन तर राजापूर गावापासूनच लांब. आपला वेळ आणि पैसा रेल्वेत जात नाही, तो या आडव्या तुकड्यांत जातो. रेल्वेचं तिकीट स्वस्त असतं, पण गाडी रात्री अडनिड्या वेळेला स्टेशनात आली की रिक्षावाला म्हणेल तो दर. म्हणून आमचा नियम ठरला, स्टेशनावर उजेडातच उतरायचं.

आणि किनारी रस्ता? कागदावर तो आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग, बॅरिस्टर अंतुलेंच्या काळापासूनचं स्वप्न. रस्ता बराचसा झाला, पण मोठ्या खाड्यांवरचे पूल रखडले. त्यामुळे गुगल मॅपवर दोन गावं एकमेकांसमोर दिसतात, चारेक किलोमीटरवर, आणि रस्ता दाखवतो शंभरच्या घरात. तिथं उपयोगाला येते फेरीबोट. स्थानिक लोक तिला 'जंगलजेटी' म्हणतात. माणसं, बाइक, कार, टेम्पो सगळं एकाच वेळी चढतं. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ पासून चालू आहे. वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड अशा आणखी आहेत. किनारी ट्रिपचा खरा टाइमटेबल या फेऱ्यांचा असतो. आम्हाला हे कळायला एक फजिती व्हावी लागली.

प्लॅन साधा होता. सिद्धेश्वरहून औंढा, औंढ्याहून परभणी. परभणीहून नांदेड-पनवेल गाडी, जी रात्रीतून लातूर, पुणे करत पनवेलला काढते. आपल्याकडच्या फार कमी जणांना माहीत आहे की मुंबईत न शिरताही कोकणच्या तोंडाशी पोहोचता येतं. पनवेलहून पुढची गाडी चिपळूणपर्यंत, ती हुकली तर हायवेनं एसटी. गुहागरात दोन रात्री. मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, फेरी, जयगड, केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी. रत्नागिरीहून रेल्वेनं परत. हे सगळं मी वहीच्या एका पानावर लिहिलं. प्रत्येक रात्रीसमोर मुक्कामाचा फोन नंबर आणि 'हे हुकलं तर काय' असा एक कॉलम. त्या पानाची झेरॉक्स बाबांना दिली. त्यांनी ती कॅलेंडरच्या मागं खोचली आणि एवढंच म्हणाले, "रोज रात्री फोन. कुठं हायेस ते नाही सांगायचं, या पानावर कितव्या ओळीला हायेस ते सांग."

हेदवीला बामणघळ आहे. खडकातली अरुंद चीर, भरतीच्या वेळी लाट तीत शिरते आणि कारंज्यासारखी वर उडते. धरणाचं पाणी कसं, सोडलं की येतं. इथं कुणी काही सोडत नव्हतं आणि ते येतच होतं. आम्ही तिथं 'अजून एक, अजून एक' करत बसलो. तवसाळला पोहोचलो तेव्हा शेवटची फेरी निघून गेली होती. पलीकडे जयगडचे दिवे लागलेले दिसत होते, हात लांब केला तर लागतील असे. मध्ये खाडी. चूक शंभर टक्के आमची. फेरीची वेळ पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

घरी फोन केला. मला वाटलं आता ट्रिप संपली, उद्या परत बोलावतील. पलीकडून कागदाचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "तवसाळ म्हंजे खाडीच्या अल्याडच ना? मग कशाला घाबरायलाव. गुहागरच्या बाईंचा नंबर लिवलाय की इथं, त्यांना लावा." त्या काकूंनी गावातलं ओळखीचं घर सांगितलं. रात्री भात, कुळथाचं पिठलं आणि तळलेला बांगडा. सकाळी पहिल्या फेरीनं पलीकडे. बाबांनी आयुष्यात जयगड पाहिलेलं नाही, पण त्या रात्री ते आमच्याबरोबर नकाशावर होते. परवानगी मागताना आपण "विश्वास नाही का माझ्यावर?" असं भांडतो. आई-बाबांना बऱ्याचदा विश्वासापेक्षा माहिती कमी पडत असते.

फेरीवर आमच्यासोबत दोन कॉलेजची मुलं होती. आम्ही व्हिडिओ काढत होतो, ती घड्याळ बघत होती. आपल्याला फेरीबोट रोमँटिक वाटते. त्यांच्यासाठी ती वेळेत सुटली की पहिलं लेक्चर मिळतं. म्हणून "पूल झाले की मजा जाईल" असं कुणी लिहिलं की मला राग येतो. पूल झालेच पाहिजेत. रात्री पेशंटला पलीकडे न्यायचं तर मजा कुणी बघत नाही. कोकण रेल्वेसाठीही इथल्या लोकांना किती वाट बघावी लागली! बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी संसदेत विषय लावून धरला, १९९० मध्ये कॉर्पोरेशन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते ठोकूर सलग गाडी धावली. आपल्याला त्यातलं दुःख कळायला हवं. आमच्या हिंगोलीला ब्रॉडगेज २००८ मध्ये आली.

आता जे खरंच निघणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. गणपती आणि मे महिना विसरा, कोकणातले लोक घरी जात असतात, त्यांच्या सीटवर आपण कशाला? जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, म्हणून जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. किनाऱ्यावर फिरायला एसटीच बरी. मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही मिळतो. भाड्याच्या बाइकचा मोह होईल. हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यावर रात्री बाइक चालवायची हिंमत मला तरी नाही.

रत्नागिरीच्या पुढचं मी अजून पाहिलं नाही. स्टेशन सोडलं की दक्षिणेला पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल लागतो, मग कणकवली, कुडाळ, तिथून मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला. ते पान लिहायला घेतलंय. यावेळी आईनं विचारलं, "बसायला जागा मिळती का त्या जंगलात?" जंगल नाही गं, जंगलजेटी, मी म्हटलं. मालवणच्या प्लॅनमध्ये फेरीची गरज नाही. पण आता एक फेरी त्यात बसवावी लागणार.