विश्लेषण : ऑपरेशननंतर मुलाला किती दुखतंय, हे ठरवतं कोण? जालन्यात हा प्रश्न आत्ताच का विचारायला हवा?

लहान मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं की केसपेपरवर अनेकदा एक ओळ दिसते : ‘पॅरासिटामॉल सिरप, एसओएस’. एसओएस म्हणजे गरज पडली तर. मोठा माणूस सिस्टरला हाक मारून सांगतो, ‘दुखतंय, काहीतरी द्या.’ अडीच वर्षांचं पोर काय सांगणार? ते रडतं. आणि वॉर्डात रडण्याची कारणं सगळ्यांकडे तयार असतात. भूक लागली असेल, भूल उतरत असेल, सलाइनची सुई टोचत असेल. दुखणं हे कारण बहुतेक शेवटी आठवतं. गरज पडली की नाही हे ठरवायचं कोणी, एवढंच त्या ओळीत लिहिलेलं नसतं.

जालना आत्ताच का?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालन्याचं महाविद्यालय होतं. बदनापूर तालुक्यातल्या वरुडीला खासगी मेडिकल कॉलेज आहे, पण सरकारी कॉलेज आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याला पहिल्यांदाच मिळालं. अवघड केस म्हटली की साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, ही इथल्या लोकांची जुनी सवय. कॉलेज उभं राहत जाईल तशी मुलांची जास्त ऑपरेशन्स जालन्यातच होतील, अशी अपेक्षा आहे.

या मुलांपैकी बरीच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढे येतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झालेल्या या योजनेत डॉक्टरांची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, जन्मजात हृदयदोष अशा मुलांवर मोफत उपचार होतात. ऑपरेशन मोफत होतं, ही मोठीच गोष्ट. पण दुभंगलेल्या ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन एकदाच होत नाही, मुलाला पुन्हा यावं लागतं. पहिल्या वेळी रात्रभर तळमळलेलं मूल दुसऱ्यांदा दवाखान्याची पायरी बघूनच किंचाळतं, आणि आईबापाचाही पाय अडखळतो.

‘बाळाला काय कळतंय’ हा समज आला कुठून?

तो फक्त घरातल्या आजीचा नव्हता. १९८०च्या दशकापर्यंत जगभरातल्या अनेक डॉक्टरांना वाटायचं की नवजात बाळाच्या नसा पक्व नसतात, त्यामुळे त्याला वेदना फारशा जाणवत नाहीत. कमी दिवसांच्या बाळांची हृदयाजवळची ऑपरेशन्सही नावापुरत्या भुलीवर, हालचाल थांबवणारं औषध देऊन केली जायची. इंदूरला डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी हा समज मोडला. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी दाखवलं की अशा बाळांना फेंटानिल हे वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण बराच कमी होतो आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी होते. म्हणजे वेदना कमी करणं ही दयामाया नव्हती, तो उपचाराचाच भाग होता. दुखणारं मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, खात नाही. मग छातीत कफ साचतो आणि घरी जाण्याचा दिवस लांबतो.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाशी जोडलेला ‘इसेन्शियल पेन मॅनेजमेंट’ नावाचा एक दिवसाचा अभ्यासक्रम आहे. २०१०मध्ये तो पापुआ न्यू गिनीत, म्हणजे साधनं कमी असलेल्या देशात सुरू झाला. त्याचं सूत्र तीन शब्दांचं : ओळखा, मोजा, उपचार करा.

यातलं ‘मोजा’ सगळ्यात महत्त्वाचं. बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना मोजण्यासाठी ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी १९९७पासून वापरात आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर मूल शांत होतं का, अशा पाच गोष्टी बघायच्या. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. पाय पोटाशी घेतलेत, कपाळाला आठ्या आहेत, कडेवर घेऊनही थांबत नाही, तर गुण चढतात. साधारण चार किंवा जास्त गुण आले की काहीतरी करायचं, आणि तासाभराने पुन्हा मोजायचं. थोड्या मोठ्या मुलाला हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून ‘तुझा चेहरा कोणता?’ असं विचारता येतं. आठेक वर्षांपुढचं मूल आकडाच सांगतं. मात्र त्याला आधी ‘शूर मुलं रडत नाहीत’ असं दटावलेलं नसावं. तसं असेल तर ते शून्यच सांगेल.

पुढचा धडा वेळेचा. हर्नियासारख्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ बऱ्याचदा माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, त्याला कॉडल ब्लॉक म्हणतात. त्यामुळे पहिले चार-सहा तास मूल शांत असतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांना ते खेळतानाही दिसतं. दुपारच्या ऑपरेशनचा ब्लॉक उतरतो रात्री, जेव्हा वॉर्डात सिस्टर कमी असतात. म्हणून पहिला डोस ब्लॉक उतरण्याआधी द्यायचा आणि पहिले एक-दोन दिवस ठरलेल्या वेळी देत राहायचं. ‘एसओएस’ खोडून तिथे ‘दर सहा तासांनी’ लिहिणं, हा या प्रशिक्षणाचा अर्धा फायदा म्हणता येईल.

काय देऊ नये, हेही शिकवावं लागतं. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११पासून बंदी आहे. कोडीन आणि ट्रॅमाडॉलबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७मध्ये हाच वयोगट धरून ‘देऊ नका’ असं बजावलं, कारण काही मुलांच्या शरीरात त्यांचं रूपांतर फार वेगाने होतं आणि श्वास मंदावू शकतो.

मॉर्फिनचं नाव काढलं की व्यसनाची भीती पुढे येते. किरकोळ ऑपरेशनला ते सहसा लागतही नाही. पण मोठं भाजणं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर पॅरासिटामॉल पुरत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं त्याने सोपं केलं. कागदावरची वाट मोकळी आहे. डोस कसा द्यायचा आणि दिल्यावर श्वास कसा मोजत राहायचं, हे सिस्टरला शिकवलेलं असलं तरच कपाटातलं औषध मुलापर्यंत पोहोचतं.

मग एका कार्यशाळेने काम होईल?

नाही. बॅनर लागतो, चहा-नाश्ता होतो, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि वर्षभरात निम्म्या लोकांच्या बदल्या होतात किंवा कंत्राट संपतं. टिकते ती कागदावरची जागा. ताप, नाडी आणि श्वास लिहायच्या तक्त्यात ‘वेदना’ हा रकाना छापला, तर नव्याने रुजू झालेली सिस्टरही तो भरते. पण आकडा सात आला आणि पुढे ‘डॉक्टरांना कळवा’ एवढंच असेल, तर रात्री दोन वाजता तो आकडा नुसता पडून राहतो. कुठल्या आकड्याला कोणतं औषध सिस्टरने स्वतः द्यायचं, हे आधीच लिहून त्यावर सही हवी. एवढा अधिकार द्यायला डॉक्टर तयार होतात का, हीच खरी अडचण आहे. आणि माणसंही हवीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. सरकारी वॉर्डात फिरून आलेल्या कुणालाही हा आकडा वाचून हसू येईल.

जालन्याला इथे एक संधी आहे. जुन्या रुग्णालयात सवय मोडावी लागते, नव्या कॉलेजात ती पहिल्या तुकडीपासून लावता येते. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वेदना हा विषय भूलशास्त्राखाली आहेच.

घरी गेल्यावर?

मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या गावातलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातं आणि पुढचे डोस आईच्या हातात असतात. बाजारात पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. १२ किलोच्या मुलाला एका वेळी किलोमागे १५ या हिशेबाने १८० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या बाटलीतून साधारण ७ मिली, दुसऱ्यातून साडेतीन. ‘एक झाकण द्या’ एवढंच सांगितलं तर एका घरी औषध अपुरं पडतं आणि दुसऱ्या घरी जास्त होतं. म्हणून डिस्चार्ज देताना बाटली समोर ठेवून, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये नेमकं औषध भरून आईला दाखवायचं, तिच्याकडून एकदा भरून घ्यायचं आणि वेळा कार्डावर मराठीत लिहून द्यायच्या. याला पाच मिनिटं लागतात.